मणक्याच्या दुखापतींची देशपातळीवर नोंद का हवी?

परांचीवरून पाय घसरतो, विहिरीचं काम करताना तोल जातो, रात्री दुचाकी खड्ड्यात आदळते. कारण काहीही असो, मणका मोडून आतल्या मज्जारज्जूला मार लागला की चालता-फिरता माणूस अंथरुणाला खिळतो. अनेकदा तोच घरातला कमावता असतो. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात असे रुग्ण शहरातून येतात, तसेच जालना, बीडकडूनही. ऑपरेशन होतं, डिस्चार्ज मिळतो. पण पुढे तो उठून बसला का, कामाला लागला का, जगला तरी का, हे एका ठिकाणी कुठेच लिहिलेलं नसतं. राष्ट्रीय रुग्ण नोंदणीची, म्हणजेच ‘रजिस्ट्री’ची गरज इथेच आहे.

दुखापतीचं स्वरूप

मज्जारज्जू म्हणजे मेंदूचे निरोप शरीरभर पोहोचवणारी दोरी. मानेत इजा झाली तर दोन्ही हात-पाय, छाती-कमरेच्या पातळीवर झाली तर पाय लुळे पडतात. लघवी-शौचावरचा ताबाही जातो. इजा किती गंभीर आहे हे डॉक्टर ‘ए’ ते ‘ई’ या श्रेणीत मोजतात. ‘ए’ म्हणजे इजेखाली काहीच संवेदना वा हालचाल नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या अहवालानुसार जगात दरवर्षी अडीच ते पाच लाख लोकांना अशी इजा होते.

रजिस्ट्रीत काय असतं?

प्रत्येक रुग्णालयात एकच फॉर्म भरला जातो: वय, काम, इजेचं कारण, रुग्णालयात पोहोचायला लागलेला वेळ, श्रेणी, उपचार. नंतर ठरावीक काळाने पुन्हा चौकशी होते. बेडसोर झाले का, लघवीचा संसर्ग झाला का, व्हीलचेअर मिळाली का? घरी गेल्यावर जीव घेणारी संकटं बहुतेकदा हीच असतात, आणि ती टाळता येतात.

अमेरिकेत 1970 च्या दशकापासून अशा नोंदी ठेवल्या जातात. कॅनडात हे काम रिक हॅन्सन यांच्या नावाने चालतं. ते स्वतः मणक्याच्या दुखापतीमुळे व्हीलचेअरवर आहेत.

कॅन्सरने दाखवलेली वाट

आपल्याकडे हे अशक्य नाही. 1963 मध्ये मुंबईत कॅन्सरची लोकसंख्येवर आधारित नोंदणी सुरू झाली. पुढे पुणे, नागपूर आणि आपलं औरंगाबादही त्यात आलं. कोणता कॅन्सर कुठे जास्त, हे आज सांगता येतं ते त्यामुळेच.

आज नोंदी कुठे अडकतात?

2011 च्या जनगणनेत 2 कोटी 68 लाख दिव्यांग मोजले गेले, पण मज्जारज्जूच्या इजेचा वेगळा रकाना नव्हता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. हे रुग्ण त्यात ‘चलनवलन दिव्यांगत्व’ या मोठ्या गटात मिसळून जातात. रस्ते अपघातांच्या नोंदीत छतावरून किंवा झाडावरून पडलेले येत नाहीत. आकडाच नाही, तर फिजिओथेरपिस्ट किती हवेत, खाटा किती हव्यात, हे ठरवायचं कसं?

काय करावं लागेल?

सरकारी आणि खासगी रुग्णालयांत एकच फॉर्म हवा. फॉर्म भरायला पगारी माणूस हवा. थकलेल्या निवासी डॉक्टरवर ते काम टाकलं तर रकाने रिकामेच राहतील. आभा क्रमांकाशी नोंद जोडली तर रुग्णालय बदललं तरी माणूस हरवणार नाही. मात्र रुग्णाची संमती आणि माहितीची गुप्तता आधी. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याचीही तीच अपेक्षा आहे. पाठपुराव्याचा फोनही घरच्यांच्या भाषेत, मराठीत, हिंदीत, उर्दूत हवा.

तोपर्यंत कुटुंबांनी

जखमीला हात-पाय धरून उचलून रिक्षात कोंबू नका. मान-पाठ सरळ ठेवा, 108 ला फोन करा. डिस्चार्ज कार्ड, एमआरआय जपून ठेवा आणि दिव्यांगांच्या यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. पुनर्वसनासाठी मुंबईत हाजी अली इथे केंद्र सरकारची संस्था आहे. अंथरुणावर दर दोन तासांनी कूस बदला. रजिस्ट्री येईल तेव्हा येईल, कूस आजच बदलायची आहे.