ताम्हिणीतून उतरावे, वरंधातून चढावे

सलग दोन सुट्ट्या हाती आल्या की पुणे-मुंबईकरांच्या गाड्या सवयीने लोणावळा, महाबळेश्वर नाही तर अलिबागच्या दिशेने वळतात. अर्धा दिवस वाहतूक कोंडीत, अर्धा दिवस हॉटेलच्या खोलीत आणि परतताना पुन्हा तीच कोंडी, असा या सहलींचा ठरलेला क्रम असतो. मुक्कामाचे ठिकाण हेच साध्य आणि रस्ता म्हणजे केवळ मध्ये येणारी अडचण, ही कल्पना थोडी बाजूला ठेवली, तर घरापासून दीडशे किलोमीटरच्या परिघात रस्ता हीच सहल ठरावी असे कितीतरी मार्ग सह्याद्रीत आहेत.

त्यांपैकी एक वर्तुळ विशेष देखणे आहे. पुण्याहून मुळशीमार्गे ताम्हिणी घाट उतरायचा, माणगावला मुंबई-गोवा महामार्ग ओलांडून दिवेआगर-श्रीवर्धन-हरिहरेश्वरचा किनारा गाठायचा आणि परतताना महाडहून वरंध घाट चढून भोरमार्गे पुण्यात यायचे. एका फेरीत धरण, घाट, खाडी, समुद्र आणि पुन्हा घाट. दोन मुक्काम मिळाले तर उत्तम. एका मुक्कामातही जमते, पण मग थांबण्याचा आनंद हरवतो. मुंबईकरांनी पेण-कोलाडमार्गे थेट माणगावला यावे आणि शेवटी भोरहून पुणे गाठून द्रुतगती मार्गाने परतावे. मुंबई-गोवा महामार्गाचे २०११ मध्ये सुरू झालेले चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळल्यामुळे त्या टप्प्यासाठी नकाशात दिसतो त्यापेक्षा तास-दीड तास अधिक धरणे शहाणपणाचे.

मुळशीचे पाणी

पौड मागे पडले की इमारतींची गर्दी विरळ होत जाते आणि डाव्या-उजव्या वळणांतून मुळशीच्या जलाशयाचे दर्शन घडू लागते. पुढे कित्येक किलोमीटर हे पाणी कधी रस्त्यालगत, कधी झाडीआड सोबत करते. छायाचित्रासाठी येथे गाडी थांबत नाही असा प्रवासी विरळाच. मात्र या निळ्या पाण्याखाली मावळातील शेते आणि वस्त्या आहेत, हेही ध्यानात असावे. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी बांधल्या जाणाऱ्या या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी मिळाली ती याच लढ्यात. धरण झालेच. एरवी पूर्वेकडे वाहून गेले असते ते मुळेचे पाणी आज डोंगरापलीकडे कोकणातील भिरा येथे नेऊन त्यावर वीज निर्माण केली जाते.

ताम्हिणीचा खरा उतार जलाशय संपल्यावर सुरू होतो. पावसाळ्यात येथे कड्याकड्यावरून धबधबे कोसळतात आणि त्याच दिवसांत रविवारी येथे जाण्यात अर्थ नसतो. रस्त्याच्या दोन्ही कडांना लावलेल्या गाड्या, ध्वनिक्षेपक, मक्याच्या कणसांच्या ढिगाशेजारी प्लास्टिकचा ढीग आणि मधोमध अडकलेली एखादी एसटी, असे दृश्य दिसते. मंगळवार-बुधवारची रजा काढता आली तर हाच घाट ओळखू येणार नाही इतका शांत असतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर गवत सोनेरी होऊ लागते, हवा स्वच्छ होते आणि दरीचा तळ दिसतो. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते ताम्हिणीचा उत्तम महिना तोच.

भिऱ्याजवळचा देवकुंड धबधबा समाजमाध्यमांमुळे प्रसिद्धीस आला आणि तेथे बुडून मृत्यू होण्याच्या घटनाही घडल्या. प्रशासनाने बंदी घातली असेल त्या दिवसांत आडवाटेने तेथे घेऊन जाणारा ‘वाटाड्या’ भेटतोच. त्याचे ऐकू नये.

किनाऱ्याचा रस्ता

माणगावहून म्हसळामार्गे श्रीवर्धन साधारण पन्नास किलोमीटर. बहुतेक गाड्या सरळ श्रीवर्धनला जातात. पण आधी दिवेआगर गाठून तेथून शेखाडी, कोंडिवली, आरावीमार्गे श्रीवर्धनला यावे. हा तुकडा वीस किलोमीटरच्या आत-बाहेरचा, परंतु संपूर्ण फेरीचे सार त्यातच आहे. एका बाजूला डोंगराची उतरण, दुसऱ्या बाजूला थेट समुद्र आणि मध्ये अरुंद, वळणावळणाचा रस्ता. सूर्यास्ताच्या तासभर आधी दिवेआगर सोडावे, म्हणजे मावळतीचे ऊन उजव्या हाताला राहते. अंधार पडल्यावर मात्र हा रस्ता नवख्या चालकासाठी नाही.

इतका निवांत दिसणारा हा किनारा इतिहासातील एका काळ्या नोंदीचाही धनी आहे. मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत वापरलेल्या आरडीएक्सचा साठा शेखाडीच्या याच किनाऱ्यावर उतरवण्यात आला होता. दिवेआगरचे नावही असेच सुख-दुःखाने गाजले. १९९७ मध्ये एका बागेत खोदताना सोन्याचा गणेशमुखवटा सापडला आणि गावाचे भाग्य पालटले. मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी दोन रखवालदारांचा खून करून तो पळवला. पर्यटक ओसरले आणि घरगुती खानावळींचे उत्पन्न आटले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुखवट्याची पुन्हा प्रतिष्ठापना झाली.

दरम्यान ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच पट्ट्यावर धडकले. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या बागा म्हणजे येथील कुटुंबांची पिढीजात ठेव. ती एका दुपारी आडवी झाली. सुपारी किंवा नारळाचे झाड लावल्यापासून फळ हाती येईपर्यंत काही वर्षे जातात. त्यामुळे वाड्यांमध्ये उंच जुन्या झाडांच्या शेजारी ठेंगणी नवी लागवड दिसली तर तिचे कारण समजून घ्यावे. अशा घरांमध्ये मुक्काम करणे हा हॉटेलपेक्षा दुहेरी लाभाचा मार्ग आहे. जेवण मात्र आधी सांगून ठेवावे लागते. ताटात उकडीचा मोदक, ताजी मासळी, सोलकढी हवी असेल तर ‘आत्ता पोहोचलो, काय मिळेल?’ असे विचारून चालत नाही. येथे माणसे मोजून शिजवले जाते.

हरिहरेश्वरला कालभैरव आणि हरिहरेश्वर यांच्या दर्शनानंतर डोंगराला वळसा घालणारा प्रदक्षिणामार्ग आहे. लाटांनी कोरलेल्या खडकांवरून जाणारी ही वाट विलक्षण आहे आणि धोक्याचीही. ओहोटी असेल तरच निघावे, भरतीची वेळ गावात विचारून घ्यावी आणि समुद्राकडे पाठ करून छायाचित्रे काढण्याचा मोह टाळावा. शांत दिसणाऱ्या पाण्यातून अचानक आलेल्या लाटेने येथे माणसे ओढून नेली आहेत.

तिसरा दिवस हाती असेल तर बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी चढवून सावित्रीची खाडी ओलांडावी. पलीकडे वेश्वी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा, आणि खाडीच्या मुखावर बाणकोटचा किल्ला. तेथून वेळास जवळ आहे. ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण करून पिल्ले समुद्रात सोडण्याचे काम तेथे ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ग्रामस्थांच्या साथीने उभे केले. पिल्ले पाहायची असतील तर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास चौकशी करूनच जावे.

महाड ते भोर

परतीच्या वाटेवर महाड हे केवळ जेवणाचे गाव समजू नये. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ज्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते शहराच्या मध्यावर आहे. महामार्गालगत गांधारपाले लेणी आहेत. रायगडाचा फाटाही येथूनच फुटतो, पण रायगड ‘जाता जाता’ करू नये, त्याला स्वतंत्र दिवस द्यावा.

महामार्गावरचा सावित्री नदीचा पूल ओलांडताना जुन्या वाचकांना २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवेल. ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्यांसह काही वाहने नदीत गेली. पुढच्या वर्षी तेथे नवा पूल झाला.

महाडहून भोरकडे वळले की डोंगर जवळ येऊ लागतात. वाटेत आत वळून शिवथरघळ पाहता येते. समर्थ रामदासांनी दासबोधाचे लेखन जेथे केले अशी श्रद्धा आहे ती ही घळ. पावसाळ्यात तिच्या तोंडाशी धबधब्याचा पडदाच असतो. मग वरंध घाट सुरू होतो. ताम्हिणी रुंद आणि मोकळा, तर वरंध अरुंद, कड्याला घासून जाणारा. माथ्याजवळ वाघजाईचे लहानसे मंदिर आहे आणि तेथे मिळणारी गरम कांदाभजी व चहा हा या घाटाचा अलिखित नियम आहे. माकडांना खाऊ घालू नये. ती आता गाडीच्या खिडकीतून हात घालण्याइतकी धीट झाली आहेत. घाटमाथा ओलांडल्यावर नीरा-देवघर धरणाचा जलाशय बराच काळ रस्त्याशी लपंडाव खेळत भोरपर्यंत सोबत देतो. भोरला पंतसचिवांचा राजवाडा आहे. पुढे नसरापूरजवळ बनेश्वराच्या झाडीत अर्धा तास विसावता येते आणि मग पुण्याचा महामार्ग.

या रस्त्याबाबत एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. वरंध हा पावसाळ्यातील घाट नाही. दरडी कोसळून तो वारंवार बंद होतो आणि अतिवृष्टीच्या काळात प्रशासन वाहतूक थांबवते. २५ जुलै २००५ रोजी महाड तालुक्यात जुई, दासगाव आदी गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यातील तळिये गावावर डोंगर खचला आणि ८० हून अधिक माणसे गेली. शेजारच्या आंबेनळी घाटात जुलै २०१८ मध्ये सहलीला निघालेली बस दरीत कोसळून ३० हून अधिक जण मृत्युमुखी पडले. ‘लोक उगाच घाबरवतात’ म्हणत अडथळे बाजूला सारून गाडी पुढे दामटणारे महाभाग दर पावसाळ्यात दिसतात. दरड कोसळण्यापूर्वी पुष्कळदा रस्त्यावर बारीक दगड-माती घरंगळताना दिसते, कड्यातून गढूळ पाणी फुटते. असे काही आढळले की तेथे थांबू नये, मागे फिरावे. जून ते सप्टेंबरमध्ये ही फेरी करायचीच असेल तर वरंध वगळावा आणि ताम्हिणी सुरू असल्याची खात्री करून आल्या वाटेनेच परतावे.

निघण्यापूर्वी

ऑक्टोबरचा मध्य ते फेब्रुवारी हा या फेरीचा उत्तम काळ. पुणे ते माणगाव सुमारे ११० किलोमीटर, महाड ते भोर सत्तरच्या घरात आणि भोर ते पुणे पन्नासहून थोडे अधिक. तथापि, घाटात आणि किनाऱ्यावर ताशी तीस किलोमीटरचाच हिशेब धरावा. इंधनाची टाकी पुण्यात आणि परतताना महाडला भरून घ्यावी. मधल्या मोठ्या टप्प्यात पंप तुरळक आहेत. मोबाइलची रेंज दोन्ही घाटांत जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून इंधन वाचवण्याची जुनी खोड ब्रेक निकामी करू शकते. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे आणि चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. धुक्यात प्रखर दिवे लावल्याने समोरचे अधिकच दिसेनासे होते, तेव्हा दिवे खालीच ठेवावेत. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. फेरीबोटीच्या वेळा ऋतूनुसार बदलत असल्याने आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरमालकांनाच विचारून घ्याव्यात.