लोकबिरादरी आश्रमशाळा, हेमलकसा

लोकबिरादरी आश्रमशाळा ही महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे असलेली निवासी शाळा आहे. ती बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचा भाग असून तिची स्थापना १९७६ मध्ये झाली. वरोरा येथील महारोगी सेवा समिती ही तिची मातृसंस्था होय. शाळेत मुख्यतः माडिया गोंड या आदिवासी समाजाची मुले-मुली शिकतात. १९८० नंतर हा परिसर नक्षलवादी चळवळ आणि शासन यांच्यातील सशस्त्र संघर्षाचे क्षेत्र बनला. या संपूर्ण काळात शाळेचे काम चालू राहिले, म्हणून संघर्षग्रस्त भागातील बालशिक्षणाचा विचार करताना तिचा उल्लेख आवर्जून केला जातो.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

भामरागड तालुका महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या सीमेवर आहे. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांचा संगम होतो. दाट जंगल आणि या नद्यांचे पूर यांमुळे पावसाळ्यात अनेक गावांचा संपर्क तुटतो. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेल्याने भामरागडची वाहतूक बंद पडल्याच्या घटना अलीकडील वर्षांतही घडल्या आहेत. हेमलकसा हे गाव अल्लापल्लीपासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर आहे. प्रकल्प सुरू झाला तेव्हा या मार्गावर बारमाही रस्ता नव्हता, वीज नव्हती आणि वर्षातील काही महिने बाहेरच्या जगाशी संबंध जवळजवळ उरत नसे. त्या वेळी हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला.

केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून मान्य केलेल्या महाराष्ट्रातील तीन समाजांपैकी माडिया गोंड हा एक आहे. कातकरी आणि कोलाम हे अन्य दोन. शिकार, वनोपज गोळा करणे आणि फिरती शेती ही माडियांच्या उपजीविकेची पारंपरिक साधने होती. गोटुल ही त्यांची सामुदायिक संस्था. गावातील तरुण पिढी नृत्य, गाणी, श्रम आणि रीतिरिवाज तेथेच शिकत असे. त्यामुळे या समाजात शिक्षणाची परंपरा नव्हती असे म्हणणे योग्य ठरत नाही; अक्षरशिक्षण मात्र नव्हते. आकडे आणि कागद न कळल्यामुळे व्यापारी व वनखात्यातील कर्मचारी यांच्याकडून आदिवासींची फसवणूक होई. मीठ, कापड यांसारख्या वस्तूंच्या बदल्यात मोलाची वनोपज कवडीमोलाने जात असे.

स्थापना

लोकबिरादरी प्रकल्पाचे काम डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे या दांपत्याने हाती घेतले. सुरुवात आरोग्यसेवेपासून झाली. परक्या माणसांना पाहून जंगलात निघून जाणारे लोक उपचारांचा गुण येऊ लागल्यावर हळूहळू जवळ आले. आजार बरा झाला तरी फसवणूक थांबत नाही, हे कार्यकर्त्यांच्या लक्षात येत गेले आणि त्यातून शाळेची गरज पुढे आली. विलास मनोहर, रेणुका मनोहर यांच्यासारखे कार्यकर्ते आरंभीच्या काळापासून प्रकल्पाशी जोडलेले होते.

मुले मिळवणे हेच शाळेचे पहिले काम होते. गुरे राखणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे आणि जंगलातून अन्न गोळा करणे यांत मुलांचा हातभार असे. त्यांना शाळेत पाठवणे म्हणजे घरातील कामाचे हात कमी करणे होते. आणलेली मुले पुन्हा जंगलवाटेने घरी पळून जात आणि शिक्षक गावोगाव फिरून त्यांना परत आणत. पालकांचा विश्वास बसण्यास रुग्णालयाचा मोठा उपयोग झाला. ज्यांनी मुलाचा ताप उतरवला त्यांच्या हाती मूल सोपवण्यास पालक तयार होऊ लागले. आमटे दांपत्याची स्वतःची मुले याच शाळेत माडिया मुलांसोबत शिकली. ही शाळा ‘आपल्यासाठी वेगळी काढलेली’ नाही, हे त्यातून लोकांना दिसले.

भाषेचा प्रश्न

माडिया ही गोंडीशी संबंधित द्राविडी भाषा आहे, तर शाळेचे माध्यम असलेली मराठी इंडो-आर्य कुळातील. त्यामुळे पहिलीत येणाऱ्या मुलाला अक्षरओळख आणि एक परकी भाषा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शिकाव्या लागतात. शिक्षकाला माडिया येत नसेल तर मूल गप्प राहते, आणि गप्प राहणारे मूल मठ्ठ ठरवले जाते. हेमलकसा येथील कार्यकर्त्यांनी प्रारंभीच माडिया आत्मसात केली. प्राथमिक वर्गांत माडियाच्या आधाराने मराठीकडे नेण्याची रीत त्यातूनच रूढ झाली.

भारतीय संविधानाच्या ३५०-क या अनुच्छेदानुसार भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावयाचा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. माडिया मुलांच्या बाबतीत ही अपेक्षा आजही फार थोड्या प्रमाणात पूर्ण होते.

संघर्षाचा काळ

१९८० मध्ये आंध्र प्रदेशात स्थापन झालेल्या पीपल्स वॉर या गटाचे सशस्त्र कार्यकर्ते त्याच सुमारास गोदावरी ओलांडून गडचिरोलीत आले. २००४ मध्ये या गटाच्या विलीनीकरणातून भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) हा पक्ष स्थापन झाला. ८ ऑक्टोबर २००९ रोजी भामरागड तालुक्यातील लाहेरीजवळ झालेल्या हल्ल्यात १७ पोलीस ठार झाले. एप्रिल २०१८ मध्ये याच तालुक्यातील कसनासूर परिसरात झालेल्या चकमकीत सुमारे ४० माओवादी मारले गेले. मृतांमध्ये पोलीस आणि माओवादी यांच्याबरोबर सामान्य गावकरीही असत. पोलिसांचे खबरे असल्याच्या संशयावरून माओवाद्यांनी गावकऱ्यांच्या हत्या केल्या, तर माओवाद्यांना जेवण वा आसरा दिल्याच्या संशयावरून गावकऱ्यांना पोलीस चौकशीला तोंड द्यावे लागले.

अशा संघर्षाचा शाळांवर होणारा परिणाम अनेक पदरी असतो. बाहेरचा शिक्षक दुर्गम गावात राहण्यास तयार होत नाही. नियुक्ती कागदावर राहते आणि एकशिक्षकी शाळा महिनोन्महिने बंद पडते. किशोरवयीन मुले सशस्त्र दलांत ओढली जाण्याचा धोका असतो. शेजारच्या छत्तीसगडमध्ये शाळांच्या इमारतींत सुरक्षा दलांचे तळ पडले आणि माओवाद्यांनी अनेक इमारती उद्ध्वस्त केल्या. नंदिनी सुंदर विरुद्ध छत्तीसगड राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरक्षा दलांनी शाळा रिकाम्या कराव्यात असा आदेश दिला. जागतिक पातळीवर २०१५ मध्ये ‘सुरक्षित शाळा जाहीरनामा’ मांडण्यात आला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०२१ मध्ये ठराव क्रमांक २६०१ संमत करून शाळांवरील हल्ल्यांचा निषेध केला.

हेमलकसा येथील प्रकल्पाने कोणत्याही सशस्त्र बाजूशी स्वतःला जोडून घेतले नाही. रुग्णालयात येणारा माणूस हा रुग्ण आणि शाळेत येणारे मूल हे विद्यार्थी, एवढीच ओळख तेथे पुरेशी मानली गेली. कार्यकर्ते कुटुंबासह तेथेच राहत असल्याने अशांततेच्या काळातही शाळेत शिक्षक नाहीत अशी वेळ आली नाही.

व्यवस्था आणि अर्थसाहाय्य

शाळेत पहिलीपासून शिक्षणाची सोय असून पुढे माध्यमिक वर्ग आणि कनिष्ठ महाविद्यालय सुरू झाले. विद्यार्थिसंख्या सहाशेच्या आसपास असते. मुले-मुली वसतिगृहात राहतात. शेती, बागकाम, हस्तकला आणि खेळ यांना दिनक्रमात स्थान आहे. प्रकल्पातील वन्यप्राण्यांचे अनाथालय शाळेच्या शेजारीच असल्याने शिकारीची परंपरा असलेल्या घरांतील मुले प्राण्यांची जोपासना जवळून पाहतात.

महाराष्ट्रातील अनुदानित आश्रमशाळांना आदिवासी विकास विभागाकडून मंजूर पदांचे वेतन आणि निवासी विद्यार्थ्यांसाठी परिपोषण अनुदान मिळते. अनुदान मंजूर संख्येशी बांधलेले असते. इमारती, ग्रंथालय, प्रयोगशाळा, जादा शिक्षक आणि शाळेनंतरच्या उच्च शिक्षणाचा खर्च यांसाठी संस्थांना देणग्यांवर अवलंबून राहावे लागते. आमटे कुटुंबाच्या कार्याला मुंबई, पुणे, नागपूर आणि परदेशांतील मराठी भाषकांकडून दीर्घकाळ साहाय्य मिळत आले आहे. बाबा आमटे यांनी सोमनाथ येथे १९६७ पासून भरवलेल्या श्रमसंस्कार छावण्यांतून शहरी युवकांचा या कार्याशी संबंध आला. एकरकमी देणगीपेक्षा दरवर्षी नियमित येणारी लहान रक्कम अशा शाळांना अधिक उपयोगी पडते, कारण मूल पहिलीत आल्यापासून त्याचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत दहा-बारा वर्षे जातात.

माजी विद्यार्थी

या शाळेतून शिकलेले विद्यार्थी डॉक्टर, वकील, शिक्षक, परिचारिका, पोलीस आणि वनकर्मचारी झाले. त्यांपैकी अनेक जण गडचिरोली जिल्ह्यातच काम करतात. ज्या कार्यालयांत त्यांच्या वडिलांची फसवणूक होत असे, तेथे आता माडिया बोलणारा माणूस बसलेला आढळतो. पुढील पिढीतील अनिकेत आमटे आणि समीक्षा आमटे शैक्षणिक कामाची जबाबदारी सांभाळतात. छत्तीसगड सीमेजवळील नेलगुंडा येथे २०१५ मध्ये साधना विद्यालय ही इंग्रजी माध्यमाची शाळा प्रकल्पाने सुरू केली. लहान मुलांना घरापासून फार दूर न नेता शिकवता यावे, हा तिचा एक हेतू आहे.

मर्यादा आणि चर्चा

आश्रमशाळा या पद्धतीवर काही मूलभूत आक्षेप घेतले जातात. सहा वर्षांचे मूल आईवडिलांपासून, गोटुलपासून आणि भाषेपासून दूर जाते, हा त्यांपैकी पहिला. राज्यातील अनेक आश्रमशाळांमधील निवास, आहार आणि आरोग्यव्यवस्थेबद्दल वेळोवेळी तक्रारी झाल्या असून विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा प्रश्न विधिमंडळात व न्यायालयातही गेला आहे. हेमलकसा येथे रुग्णालय शाळेच्या आवारालगत असल्याने ही उणीव भासत नाही, परंतु ही सोय बहुतेक आश्रमशाळांना उपलब्ध नाही.

याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मोहगाव ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली. शिक्षण विभागाने ती विनापरवाना ठरवली आणि हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. शाळा कोणाची आणि ती कोणत्या भाषेत चालावी, हा प्रश्न या घटनेने स्पष्टपणे पुढे आणला.

पुरस्कार, साहित्य आणि चित्रपट

प्रकाश आमटे यांना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. २००८ मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना सामुदायिक नेतृत्वासाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. ‘प्रकाशवाटा’ हे प्रकाश आमटे यांचे आत्मकथन आहे. विलास मनोहर यांचे ‘नेगल’ हे पुस्तक प्रकल्पातील प्राण्यांविषयी आहे, तर ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ या त्यांच्या कादंबरीचा विषय नावातच आला आहे. समृद्धी पोरे यांनी दिग्दर्शित केलेला ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे – द रिअल हीरो’ हा चित्रपट २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात नाना पाटेकर यांची प्रमुख भूमिका आहे.

सद्यस्थिती

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने सुमारे ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत आत्मसमर्पण केले. जिल्ह्यातील सशस्त्र संघर्ष ओसरत असल्याचे हे चिन्ह मानले जाते. रस्ते, पूल, मोबाइल मनोरे आणि लोहखनिजाच्या खाणी यांमुळे परिसर झपाट्याने बदलत आहे. जमीन, जंगल आणि रोजगार यांविषयीचे निर्णय कागदावर होऊ लागले आहेत. ते कागद वाचू शकणारी आणि आपल्या भाषेत गावाला समजावून सांगू शकणारी मुले घडवण्याची गरज त्यामुळे पूर्वीपेक्षा वाढली आहे.