शिवाजीनगर ते चाकण : अभियांत्रिकी शिक्षणसंस्था आणि औद्योगिक पट्ट्याची जडणघडण

प्रस्तावना

पुण्याच्या शैक्षणिक परंपरेमुळे पिंपरी-चिंचवड परिसरात उद्योग आले, असे विधान अनेकदा केले जाते. ते सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु कारखाने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्या स्थापनेचा कालानुक्रम पाहिला असता निराळे चित्र समोर येते. शिवाजीनगरहून जुन्या पुणे-मुंबई महामार्गाने निगडीपर्यंत आणि तेथून मोशीमार्गे चाकणपर्यंत जाणारा रस्ता हाच पुरावा मानून या कालानुक्रमाचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

सार्वजनिक बांधकामाचे शिक्षण

प्रवासाचा आरंभ मुळा-मुठेच्या संगमाजवळील अभियांत्रिकी महाविद्यालयापासून होतो. १८५४ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचा मूळ हेतू रस्ते, पूल व इमारती यांच्या कामासाठी सरकारला दुय्यम अधिकारी मिळावेत हा होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येथेच शिकले आणि सरकारी बांधकाम खात्यात रुजू झाले. यंत्र अभियांत्रिकीची पदवी येथे विसाव्या शतकात आली. २०२२ मध्ये या संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तथापि तिची पहिली पिढी कारखान्यासाठी नव्हे, तर शासनासाठी घडविली जात होती, हे लक्षात घेतले पाहिजे. पुढे खडकी ओलांडल्यावर दापोडीस सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विस्तीर्ण परिसर लागतो. त्याचे विद्यार्थीही प्रामुख्याने सैन्यदलातील. म्हणजे रस्त्यावरील पहिल्या दोन्ही परिसरांचे प्रयोजन राज्ययंत्रणेशी निगडित होते.

कारखाना हीच शाळा

पुढे पिंपरीत आल्यावर मात्र क्रम उलटा होतो. येथे आधी कारखाने आले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची. १९६० नंतरच्या काही वर्षांतच बजाज ऑटोचा कारखाना आकुर्डीस उभा राहिला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि भोसरी-चिंचवड परिसरातील शेतजमिनींवर औद्योगिक वसाहत आकार घेऊ लागली. या काळात पिंपरी-चिंचवडमध्ये अभियांत्रिकी पदवी देणारे एकही नागरी महाविद्यालय नव्हते.

मग कुशल मनुष्यबळ कोठून आले? याचे उत्तर टेल्कोच्या, म्हणजेच २००३ पासून टाटा मोटर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीच्या, पुणे प्रकल्पाच्या इतिहासात मिळते. सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली १९६६ च्या सुमारास या प्रकल्पाचा पाया घातला गेला; पहिले व्यापारी वाहन मात्र १९७७ मध्ये बाहेर पडले. मधल्या दशकभरात येथे यंत्रहत्यारे, साचे आणि ते बनविणारी माणसे घडविण्याचे काम चालले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने या प्रशिक्षणाला चौकट दिली. दहावी-अकरावी झालेला ग्रामीण मुलगा कानस आणि मायक्रोमीटर हाती घेऊन प्रशिक्षण विभागात दाखल होई व काही वर्षांनी निष्णात टूलमेकर म्हणून बाहेर पडे. त्यांतील काहींनी पुढे भोसरीच्या गाळ्यांत एखादे लेथ टाकून स्वतःचा लघुउद्योग सुरू केला. या पट्ट्याचा पाया या मुलांच्या हातांनी घातला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

विनाअनुदानित पर्व

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्यात आली. त्यानंतर १९८४ मध्ये पिंपरीस डॉ. डी. वाय. पाटील यांच्या संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले व पुढे ते आकुर्डीस गेले. १९९९ मध्ये निगडी प्राधिकरणात पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना झाली. या विस्तारामुळे कामगारांच्या मुलामुलींना घरापासून जवळ पदवीचे शिक्षण मिळू लागले, ही मोठी सामाजिक घटना होय. त्याचबरोबर शिक्षणाचा खर्च कारखान्याकडून पालकांकडे सरकला. शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळत असे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला शुल्क भरावे लागे. राज्यात १९८७ मध्ये देणगी शुल्काला मनाई करणारा कायदा करावा लागला, यावरून या प्रश्नाची तीव्रता लक्षात येते.

कालानुक्रमातील एक विसंगती येथे नोंदविणे आवश्यक आहे. निगडीत महाविद्यालय सुरू झाले त्याच १९९९ मध्ये बजाजने चाकण येथे नवा कारखाना सुरू केला, तर २००७ मध्ये आकुर्डीतील उत्पादन थांबले. महाविद्यालये कारखान्यांच्या शेजारी आली, तेव्हा कारखाने पुढच्या गावी निघाले होते.

चाकण : अखेरचा टप्पा

मोशी सोडून इंद्रायणी ओलांडली की चाकणचा परिसर सुरू होतो. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शायिस्तेखानाविरुद्ध लढविलेला संग्रामदुर्ग आणि कांद्याची बाजारपेठ ही या गावाची जुनी ओळख. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा आणि त्यापाठोपाठ महिंद्राचा प्रकल्प सुरू झाल्यावर ती बदलली. येथील कारखान्यांत पदवी व पदविकाधारक तरुण मोठ्या प्रमाणावर दिसतात. परंतु त्यांतील अनेकांची ओळख 'प्रशिक्षणार्थी' अशीच राहते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये आणलेल्या आणि पुढे मागे घेतलेल्या 'नीम' योजनेत प्रशिक्षणार्थीला कर्मचारी मानले जात नसे. १९६६ च्या प्रशिक्षणार्थीला शिक्षणाच्या शेवटी कायम नोकरीची वाजवी आशा होती. त्याच्या नातवाच्या बाबतीत शब्द तोच राहिला, आशय बदलला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, या पट्ट्यातील आरंभीचे तांत्रिक कौशल्य प्रामुख्याने कारखान्यांच्या प्रशिक्षण विभागांत निर्माण झाले. दुसरी, अभियांत्रिकी महाविद्यालये ही या औद्योगिकीकरणाचे कारण नसून बव्हंशी त्याचे फलित होत. तिसरी, शिक्षणाचा कालावधी व खर्च वाढत असताना त्यातून मिळणारी रोजगाराची हमी त्या प्रमाणात वाढली नाही.

या इतिहासाची साधने आज विखुरलेली आहेत. प्रशिक्षणाच्या वह्या, हाताने काढलेली रेखाचित्रे आणि पहिल्या तुकड्यांच्या आठवणी निवृत्त कामगारांच्या घरांत आहेत व ती पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली आहे. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, समाजशास्त्र व अभियांत्रिकी विभागांनी एकत्र येऊन त्यांच्या मुलाखती व कागदपत्रे जतन करणे ही तातडीची गरज आहे. आपले परिसर ज्यांच्या श्रमावर उभे राहिले, त्यांचा अभ्यास करणे हे अध्यापकवर्गाचे कर्तव्य ठरते.