टपालपेटीमागचा गायक

१९७८ साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातून ‘रेडी फॉर द हाउस’ ही तबकडी निघाली. कलावंताचा परिचय नव्हता. पत्ता म्हणून ‘कॉरवुड इंडस्ट्रीज’ची टपालपेटी तेवढी होती. पुढील पंचवीस वर्षांत ‘जँडेक’ या नावाने तीसहून अधिक तबकड्या आल्या. जाहीर मैफल मात्र एकही झाली नाही.

तंबोरा जुळल्यावरच गाणे ऐकणाऱ्या आपल्या कानांना ही गिटार बेसूर वाटेल. सुरुवातीच्या तबकड्यांत ठरलेला ठेका नाही, ध्रुपद नाही; एकट्या माणसाचे पुटपुटणे आहे. तरी श्रोते का टिकले? गूढामुळे, असे सांगितले जाते. ते उत्तर अपुरे आहे. १७ ऑक्टोबर २००४ रोजी ग्लासगोच्या एका महोत्सवात, कार्यक्रमपत्रिकेत नाव नसताना, तो रंगमंचावर आला. चेहरा दिसल्यावर कुतूहल शमायला हवे होते. उलट त्यानंतर मैफली होऊ लागल्या, तबकड्या येत राहिल्या आणि ऐकणारेही राहिले.

परिचयच नसल्याने श्रोत्याला चरित्राचा आधार घेता येत नव्हता. समोरचा आवाजच ऐकावा लागे. कुतूहलाने लोक तिथवर आले असतील. थांबले ते मात्र त्या आवाजातल्या न झाकलेल्या एकाकीपणासाठी.