हिप-हॉप संगीतातील अनुकरण आणि स्वत्व : एका शिष्यपरंपरेचा इतिहास

जुन्या ध्वनिमुद्रिकांतील तुकडे उचलून जी रचना सिद्ध होते, तिला स्वतंत्र निर्मिती कसे म्हणावे, असा आक्षेप हिप-हॉप संगीतावर वारंवार घेण्यात आला आहे. हा आक्षेप घेणारे आणि त्याला उत्तर देणारे दोघेही बहुधा उचललेल्या तुकड्याचाच विचार करतात. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहावयाचे आहे. या संगीतातील निर्माता आपल्या पूर्वसूरींकडून नेमके काय शिकला, आणि जे शिकला त्यातून त्याचे स्वत्व कसे घडले, हा आपल्यापुढील प्रश्न आहे. येथे निर्माता म्हणजे पैसा पुरविणारा नव्हे. गीताखालचा तालस्वरांचा सारा पाया रचणारा कलावंत, या अर्थाने तो शब्द योजिला आहे.

या संगीताचा उगम न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास झाला. कूल हर्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जमैकन तरुणाने एकाच गीताच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेविल्या आणि केवळ तालवाद्ये वाजतात तेवढा अंश, ज्यास ‘ब्रेक’ म्हणतात, तो आळीपाळीने वाजवून लांबविला. तबकडी हे ऐकण्याचे साधन होते. ते वाजविण्याचे वाद्य झाले. पुढील सर्व तंत्रांचे बीज या एका कृतीत आहे.

१९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास सॅम्पलर हे यंत्र तरुण निर्मात्यांच्या आवाक्यात आले. ध्वनीचा लहानसा अंश अंकरूपाने साठवावयाचा आणि कळ दाबताच तो वाजवावयाचा, हे त्याचे कार्य. क्वीन्सब्रिज येथील मार्ली मार्ल याने तबकडीवरील संपूर्ण ब्रेक न घेता त्यातील ड्रमचा एकेक आघात सुटा केला आणि ते आघात आपल्या मनाप्रमाणे पुन्हा मांडले. ध्वनी जुना, परंतु ताल नवा, अशी ही किमया होती. १९८७ साली आलेल्या एसपी-१२०० या यंत्रात जेमतेम दहा सेकंदांचा ध्वनी मावत असे. म्हणून निर्माते तेहतीस फेऱ्यांची तबकडी पंचेचाळीसच्या वेगाने वाजवून साठवीत आणि नंतर यंत्रात तिची गती उतरवीत. यामुळे ध्वनीस जो खरखरीतपणा येई, तोच पुढे या काळाच्या शैलीचे लक्षण ठरला.

याच सुमारास आणखी एक महत्त्वाची घटना घडली. १९८६ ते १९९१ या काळात ‘अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स’ या नावाने पंचवीस संकलित तबकड्या प्रसिद्ध झाल्या. ज्या दुर्मिळ ब्रेकांचा शोध घेण्यात वर्षे जात, त्यांपैकी कितीतरी दुकानात विकत मिळू लागले. या घटनेचा परिणाम दूरगामी झाला असे मानावयास हरकत नाही. सामग्री सर्वांची सारखीच झाली, तेव्हा एका निर्मात्यास दुसऱ्यापासून वेगळे करणारी गोष्ट एकच उरली. ती म्हणजे पद्धती.

ही पद्धती ग्रंथातून नव्हे, तर सहवासातून संक्रमित झाली. क्वीन्समधील १२१२ या ध्वनिमुद्रणालयात पॉल मॅककास्टी ऊर्फ पॉल सी. हा तंत्रज्ञ काम करीत असे. स्टिरिओ ध्वनिमुद्रणाची एकच बाजू घेतली असता ड्रम इतर वाद्यांपासून पुष्कळसे सुटे होतात, हे हेरून त्याने त्याचा कौशल्याने उपयोग केला. लार्ज प्रोफेसर या तरुणास एसपी-१२०० चे शिक्षण त्याच्याकडून मिळाले. १९८९ मध्ये पॉल सी. याची हत्या झाली, तेव्हा त्याचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते. एरिक बी. आणि राकिम यांच्या १९९० मधील ध्वनिमुद्रिकेवरील त्याचे अपुरे काम लार्ज प्रोफेसरने पुढे नेले. निर्माते म्हणून मात्र तिच्यावर गायक-जोडीचेच नाव आहे. पुढील वर्षी ‘ब्रेकिंग अॅटम्स’मध्ये लार्ज प्रोफेसरची स्वतःची शैली प्रकट झाली.

माउंट व्हर्ननचा पीट रॉक हा किशोरवयात मार्ली मार्लच्या नभोवाणी-कार्यक्रमात तबकड्या वाजवीत असे. आघात सुटे करण्याची मार्लची दृष्टी त्याने आत्मसात केली. परंतु त्याचे लक्ष ड्रमपुरते राहिले नाही. जॅझच्या तबकड्यांतील शिंगवाद्यांचे स्वर आणि फिल्टरने गाळून उरणारा खर्ज यांना त्याने रचनेचे मुख्य अंग बनविले. १९९२ च्या ‘दे रेमिनिस ओव्हर यू’ या गीतातील सॅक्सोफोनची ओळ टॉम स्कॉटच्या १९६७ मधील मुद्रणातून आलेली आहे. गुरूची कृती तीच, तिचे क्षेत्र मात्र निराळे; शिष्याचे स्वत्व येथे दिसते.

डेट्रॉइटच्या जेम्स यान्सी ऊर्फ जे डिला (१९७४–२००६) याने पीट रॉकच्या रचनांचा कसून अभ्यास केला होता. एमपीसी या यंत्राचे पहिले धडे त्याला शेजारच्या अँप फिडलर या वादकाने आपल्या घरी दिले, आणि १९९४ मध्ये क्यू-टिपशी त्याची गाठही फिडलरनेच घालून दिली. एमपीसीमध्ये आघात काटेकोर मात्रेवर आपोआप बसविण्याची आणि त्यांना ठराविक झोल देण्याची सोय असते. ती जेथे नको तेथे डिलाने टाळली आणि आघात किंचित मागेपुढे ठेविले. डॅन चार्नस याने २०२२ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे हा निष्काळजीपणा नव्हे. सरळ आणि झुलती अशा दोन लयी एकाच वेळी नांदविण्याची ती योजना होती. पुढे क्वेस्टलव्हसारखे ड्रमवादक ही यंत्रातून निघालेली लय हाताने वाजविण्यास शिकले. डिलाचे एमपीसी आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयात आहे.

या परंपरेस स्वतःचा एक अलिखित दंडकही होता. समकालीनाची तयार रचना उचलणे ही उचलेगिरी, आणि ती निंद्य. त्याची रीत ओळखून ती निराळ्या सामग्रीवर चालविणे हे मात्र शिक्षण. कायद्याची दृष्टी वेगळी होती. १९९१ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्की याच्याविरुद्ध निर्णय दिला, तेव्हापासून तुकड्यासाठी मालकाची पूर्वपरवानगी घेणे व्यवहारात अपरिहार्य झाले. पद्धतीस मात्र अमेरिकन ग्रंथस्वामित्व-कायदा संरक्षण देत नाही. म्हणजे तुकड्यास मालक आहे, रीतीस नाही.

या व्यवस्थेत सर्वांना न्याय मिळाला असेही नाही. ‘फंकी ड्रमर’मधील ज्या ताल-अंशावर शेकडो रचना उभ्या राहिल्या, तो वाजविणारा क्लाइड स्टबलफील्ड हा गीताचा लेखक म्हणून नोंदला गेलेला नव्हता; त्यामुळे परवानगीचे शुल्क त्याच्यापर्यंत पोहोचले नाही. जुन्या वादकांचे ऋण खरेच आहे, आणि पद्धतीचा गौरव करताना ते विसरून चालणार नाही.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने यातून एक बोध घेतला पाहिजे. करारपत्रे, न्यायनिर्णय आणि वेष्टणांवरील नामावली यांत तुकड्यांची व मालकांची नोंद सापडते. कोणी कोणास काय शिकविले याची सापडत नाही. पॉल सी. किंवा अँप फिडलर यांचे कार्य आपणांस कळते ते मुख्यतः त्यांच्या शिष्यांच्या मुलाखतींतून. केवळ कागदोपत्री पुराव्यावर विसंबून या संगीताचा इतिहास लिहिला, तर त्यात उसनवारी तेवढी दिसेल आणि अध्ययन दिसणार नाही. मार्लीने आघात सुटे केले, पीट रॉकने ती दृष्टी स्वरांकडे वळविली, डिलाने तिला काळाच्या सूक्ष्म अंशांपर्यंत नेले. उसन्या ध्वनींखाली चाललेली ही विचारांची वाटचाल ध्यानात घेतली म्हणजे लेखारंभीचा आक्षेप अपुऱ्या पुराव्यावर उभा असल्याचे दिसून येईल. हे शिष्य आणि त्यांचे सहकारी हयात आहेत तोवर त्यांच्या साक्षी नोंदवून घेणे, हे या विषयातील संशोधनाचे पहिले कर्तव्य होय.