ग्लायडर उड्डाणातील सुरक्षितता

ग्लायडर उड्डाणातील सुरक्षितता ही संज्ञा इंजिनविरहित विमानाचे उड्डाण व अवतरण निर्धोक व्हावे म्हणून वापरली जाणारी उपकरणे, नियम आणि वैमानिकाच्या अंगवळणी पडलेल्या सवयी यांना मिळून वापरली जाते. इंजिन नसल्यामुळे चुकलेले अवतरण सोडून पुन्हा वर चढण्याची सोय ग्लायडरला नसते. महाराष्ट्रात या उड्डाणाचे प्रमुख केंद्र पुण्याजवळ हडपसर येथे असून ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीत आहे.

विंचच्या साहाय्याने उड्डाण

हडपसर येथे ग्लायडर विंचच्या साहाय्याने आकाशात सोडले जाते. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला असलेले यंत्र लांब दोर वेगाने गुंडाळते आणि ग्लायडर मिनिटभराच्या आत काहीशे मीटर उंची गाठते. या तीव्र चढणीत दोर तुटल्यास वेग काही सेकंदांत घसरतो. अशा वेळी प्रथम नाक खाली घ्यावे, पुरेसा वेग आल्याची खात्री करावी व त्यानंतरच सरळ उतरायचे की वळायचे हे ठरवावे, हा क्रम विद्यार्थ्याकडून वारंवार घोटून घेतला जातो. विचार करण्यास तेथे वेळ नसतो. दोरात मुद्दाम एक कमकुवत कडी बसवलेली असते. ताण मर्यादेबाहेर गेल्यास पंखांवर भार येण्यापूर्वी ती तुटते.

धडक टाळणारी उपकरणे

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचे प्रवासी विमान आणि कझाकस्तानचे विमान यांची हवेत टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. कझाकस्तानचे विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले होते. या दुर्घटनेनंतर भारतात मोठ्या विमानांना टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा सक्तीची झाली. मात्र यंत्रणा असूनही १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील युबरलिंगेन येथे दोन विमाने धडकली व ७१ जणांचा बळी गेला. एका विमानाला यंत्रणा वर चढण्यास सांगत होती, तर हवाई नियंत्रक खाली उतरण्यास. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. अशा प्रसंगी यंत्रणेचाच आदेश पाळावा, हे त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियमांत स्पष्ट करण्यात आले.

ग्लायडरला टीकॅस सोयीची नाही. बॅटरीवरील वीज तिला पुरत नाही आणि एकाच ऊर्ध्वप्रवाहात अनेक ग्लायडर जवळजवळ घिरट्या घालत असल्याने ती सतत वाजत राहील. २००४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पुढे आलेले फ्लार्म हे उपकरण या गरजेतून घडले. ते उपग्रहाधारित स्थानावरून स्वतःच्या पुढील काही सेकंदांच्या मार्गाचा अंदाज बांधते, रेडिओवरून तो इतरांना कळवते आणि मार्ग छेदत असल्यास दिवे व आवाज यांद्वारे सावध करते. टाळण्यासाठी काय करावे, हे मात्र ते सांगत नाही. ज्या विमानात सुसंगत उपकरण नाही ते बहुधा त्याला दिसतच नाही. ऊर्ध्वप्रवाहात ग्लायडरसोबत चढणाऱ्या घारींचीही तीच गत.

नियम व सवयी

म्हणून वळण्यापूर्वी त्या दिशेला डोळ्यांनी पाहणे हा नियम उपकरणामुळे सैल होत नाही. ऊर्ध्वप्रवाहात आधी असलेले ग्लायडर ज्या दिशेने फिरत असेल त्याच दिशेने नंतर येणाऱ्याने फिरायचे असते. समोरासमोर आल्यास दोघांनीही उजवीकडे वळायचे असते.

सर्वांत घातक चुकांपैकी एक जमिनीजवळ घडते. अवतरणापूर्वीचे शेवटचे वळण हुकते आहे असे वाटून वैमानिक पायाने सुकाणू दाबतो. वेग कमी असल्यास आतल्या बाजूच्या पंखाची उचल संपते आणि ग्लायडर गरगरत खाली येते. सावरण्याइतकी उंची उरलेली नसते. बहुतेक ग्लायडरांत याची सूचना देणारी घंटा नसते. मंदावलेला वाऱ्याचा आवाज, ढिली पडलेली दांडी आणि कॉकपिटच्या काचेवर चिकटवलेला लोकरीचा धागा यांवरून ते ओळखावे लागते. धागा मध्यरेषेपासून सरकला की ग्लायडर तिरके घसरत असल्याचे कळते. इतके स्वस्त सूचक विमानविद्येत दुसरे क्वचितच असेल, पण त्याकडे पाहावे लागते.

पंख जोडताना नियंत्रण दांड्यांची एखादी जोडणी राहून गेल्यास कोणतेही उपकरण वाजत नाही. त्यासाठी एकाने बाहेरून नियंत्रण पृष्ठ हाताने धरायचे व दुसऱ्याने आतून दांडी हलवून पाहायची, अशी तपासणी केली जाते. पाठोपाठ कॉकपिटचे झाकण व हवाई ब्रेक बंद असल्याची खात्री करून मगच दोर जोडण्याची खूण केली जाते.