खानेसुमारी: रंगीत चिठ्ठीपासून ॲपपर्यंत

कर्जतहून खोपोलीची लोकल धरली की पहिलं स्टेशन पळसदरी. पुण्याची लाइन इथून वेगळी होऊन बोरघाट चढायला लागते. गेली काही वर्षं माझे बरेचसे शनिवार-रविवार या भागात जातात. आजूबाजूला ठाकूर आणि कातकरी लोकांच्या वाड्या, एकेका वाडीत जेमतेम तीस-चाळीस घरं. सोमवार ते शुक्रवार डेटाबेसशी झटापट करणाऱ्या माणसाला अशी वाडी बघून एक प्रश्न पडतो (सवयीचा गुलाम, दुसरं काय!): एवढ्याशा वाडीची आकडेवारी छापायची, पण त्यातल्या कुणा एकाची माहिती फुटू द्यायची नाही, हे जमतं कसं?

प्रश्न आत्ताच काढायचं कारण म्हणजे नवी जनगणना. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनं तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरवला. माहिती कागदाऐवजी मोबाइल ॲपवर भरायची, हवं तर घरच्यांनी स्वतःच भरायची, आणि १९३१ नंतर पहिल्यांदाच सगळ्या जातींची मोजणी करायची, असं तिचं स्वरूप ठरलं. पण पुढचं बोलायच्या आधी थोडं मागे जाऊ.

आपल्याकडे जुना शब्द खानेसुमारी. घरं मोजायची, माणसं मोजायची, कर बसवायचा. इंग्रजांनी १८७२ च्या सुमारास पहिली मोठी मोजणी केली आणि १७ फेब्रुवारी १८८१ ला देशभर एकाच वेळी शिरगणती केली. माणसं मोजणं त्यातल्या त्यात सोपं होतं. खरी डोकेदुखी नंतरची, म्हणजे तक्ते बनवायची. कारकून घरोघरचे कागद बघून मोठ्या तावावर एकेक रेघ मारत बसायचे. एक रेघ चुकली की शोधून सापडणार नाही.

१९०१ साली रिस्लेसाहेबांच्या जनगणनेत नवी युक्ती आली, मूळची बव्हेरियातली. दर माणसामागे एक चिठ्ठी. चिठ्ठीच्या कागदाचा रंग धर्म सांगायचा, आणि तिच्यावर छापलेली खूण स्त्री की पुरुष, लग्न झालेलं की नाही ते सांगायची. वय, जात, धंदा हातानं लिहायचा. मग चिठ्ठ्या खणांमध्ये टाकायच्या, खण मोजायचे, गठ्ठे बांधायचे, आणि दुसऱ्या तक्त्यासाठी पुन्हा पहिल्यापासून वाटायच्या. त्या वर्षी देशाची लोकसंख्या २९ कोटी ४० लाखांच्या आसपास होती. म्हणजे चिठ्ठ्याही तितक्याच!

प्रोग्रामर मंडळींनी ओळखलं असेलच. हे शुद्ध एसक्यूएलचं ‘ग्रुप बाय’ आहे, फक्त प्रोसेसरच्या जागी कारकून. अमेरिकेत हर्मन हॉलरिथनं १८९० च्या जनगणनेसाठी हेच काम पंचकार्डावर आणि विजेच्या यंत्रावर नेलं होतं. त्याच्या कंपनीतून पुढे आयबीएम उभी राहिली. आपल्याकडे माणसं स्वस्त, म्हणून यंत्राचं काम माणसांनी केलं.

या पद्धतीचा एक फायदा कुणी मुद्दाम ठरवून आणलेला नव्हता. एखाद्याला अमुक वाडीतल्या तमुक बाईची माहिती हवी असती, तर त्याला लाखो चिठ्ठ्यांचे गठ्ठे सोडावे लागले असते. एकेका प्रश्नाला आठवडे लागणार. शोधायचा खर्च एवढा, की कुणी शोधतच नसे. खासगीपणाचं रक्षण कारकुनाचा कंटाळा करत होता, म्हणा ना! शिवाय काम झालं की घरोघरचे कागद जपून ठेवायची पद्धत आपल्याकडे नव्हती. इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनी आणि अमेरिकेत बहात्तर वर्षांनी मूळ नोंदी लोकांना खुल्या होतात. १९२१ च्या इंग्लंडच्या आणि १९५० च्या अमेरिकेच्या नोंदी २०२२ साली खुल्या झाल्या. आपल्या पणजोबांची नोंद मात्र शोधून सापडत नाही. इतिहासाच्या अभ्यासकांना हळहळ वाटते, पण पणजोबा सुरक्षित राहिले.

स्वातंत्र्यानंतर याला कायद्याचं कुलूप लागलं. १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ म्हणतं की जनगणनेची नोंदवही बघायचा हक्क कुणालाही नाही, आणि दिवाणी खटल्यात ती पुरावा म्हणून चालत नाही. फौजदारीतही चालत नाही, याच कायद्याखालचा गुन्हा सोडून. शाळेचे मास्तर दारात येऊन वय, धंदा, शिक्षण विचारतात आणि लोक खरं सांगतात, ते या भरवशावर.

असा भरवसा मोडल्याचे दाखले आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या जनगणना खात्यानं १९४३ साली वॉशिंग्टन परिसरातल्या जपानी वंशाच्या लोकांची नावं सीक्रेट सर्व्हिसला दिली, हे २००७ साली दोन संशोधकांनी कागदपत्रांतून दाखवून दिलं. हॉलंडमध्ये लोकसंख्या नोंदवहीच्या कार्डावर धर्म लिहिलेला असे. चांगल्या, नीटनेटक्या कारभारासाठी केलेली ती सोय. १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या आणि त्यांना ती आयती मिळाली. हॉलंडमधले सुमारे पाऊण ज्यू मारले गेले.

यातून एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. जनगणना हे मोजमाप, तिला नावाशी कर्तव्य नाही. लोकसंख्या नोंदवही ही नावांची यादी. २०१० मध्ये आपल्याकडे घरयादीच्या फेरीत त्याच प्रगणकांनी राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचा, म्हणजे एनपीआरचाही फॉर्म भरून घेतला. एनपीआरचा आधार नागरिकत्व कायदा आणि २००३ चे नियम, त्यामुळे कलम १५ चं कुलूप तिला नाही. दार एक, मास्तर एक, कागद दोन, कायदेही दोन. दारातल्या आजीला हा फरक कोण सांगणार?

आता परत आपल्या वाडीत येऊ. समजा नावं कुणी फोडली नाहीत, फक्त तक्तेच छापले. तरी धोका टळत नाही. समजा एका वाडीत पदवीधर मुलगी एकच आहे. एका तक्त्यात दिसलं, ‘पदवीधर स्त्रिया: १’. दुसऱ्या तक्त्यात दिसलं, ‘पदवीधर, नवऱ्यापासून विभक्त: १’. झालं! नाव कुठंही नाही, आणि पंचक्रोशीला सगळं कळलं. मुंबईसारख्या शहरात हे झाकलं जातं. चाळीस घरांत नाही. म्हणजे वाडी जितकी लहान, तितका धोका मोठा.

अमेरिकेच्या जनगणना खात्यानं स्वतःच्याच २०१० च्या छापील तक्त्यांवर असा हल्ला करून पाहिला. नुसत्या तक्त्यांची समीकरणं सोडवून सुमारे ४६ टक्के लोकांच्या नोंदी (वय, लिंग, वंश, राहण्याचा ब्लॉक) जशाच्या तशा परत उभ्या राहिल्या. कारकुनांना जे शक्य नव्हतं ते कॉम्प्युटरनं केलं. म्हणून २०२० च्या जनगणनेत त्यांनी ‘डिफरन्शियल प्रायव्हसी’ वापरली. हे गणित २००६ साली सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी मांडलं.

कल्पना तशी जुनी. १९६५ साली वॉर्नर नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं नाणेफेकीसारखी पद्धत सुचवली होती. तिचं एक सोपं रूप असं. अवघड प्रश्न विचारायच्या आधी माणसानं गुपचूप नाणं उडवायचं. छाप आला तर खरं उत्तर. काटा आला तर पुन्हा उडवायचं आणि छाप-काट्याप्रमाणे ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. हजार लोकांत ३०० ‘हो’ आले, तर त्यातले अंदाजे २५० नाण्याचे. उरलेले ५० खरं बोलणाऱ्या ५०० जणांतले. म्हणजे १० टक्के. आकडा मिळाला, आणि कोण खरं ‘हो’ म्हणालं ते कुणालाच सांगता येत नाही. अमेरिकेनं लोकांना नाणं दिलं नाही, खरी उत्तरं घेऊन छापताना आकड्यांत हिशेबानं गोंधळ मिसळला, एवढाच फरक.

मग आपणही हेच करावं? इथं खरी अडचण आहे. हजारात दहा-वीस इकडेतिकडे झाले तर चालतं. दीडशे माणसांच्या वाडीत चालत नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत वस्तीला रस्ता मिळायला मैदानी भागात ५०० आणि आदिवासी, डोंगरी भागात २५० लोकसंख्येची अट होती, तीही २००१ च्या जनगणनेप्रमाणे. २५२ चे २४६ छापले तर पावसाळ्यात आजारी माणूस झोळीतूनच न्यायचा. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी जमातींपैकी एक. त्यांच्या वाट्याचं घर, पाणी, दवाखाना आकड्यावरच ठरतं. ज्यांना लपायची गरज सगळ्यात जास्त, त्यांनाच नेमकं मोजलं जाण्याचीही गरज सगळ्यात जास्त.

माझं मत विचाराल तर एकूण डोकी आणि घरं वाडीपर्यंत अचूक छापावीत, त्यात गोंधळ नको. जात, अपंगत्व, वैवाहिक स्थिती यांचे एकात एक गुंतलेले तक्ते मात्र तालुक्याच्या खाली जाऊ नयेत, किंवा गोंधळ मिसळून जावेत. किती मिसळला तेही छापावं. अमेरिकेत यावर अलाबामा राज्य २०२१ मध्ये कोर्टात गेलं. हरलं, पण वाद उघड्यावर झाला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं सांख्यिकी कामाला ठरलेली मानकं पाळण्याच्या अटीवर सूट दिली. ती मानकं पळसदरीच्या वाडीला पुरतील का, हे आपण विचारलं पाहिजे.

आणि आणखी एक. १९०१ च्या कागदांची रद्दी झाली. ॲपमधल्या नावानिशीच्या नोंदींची रद्दी कधी आणि कुणाच्या सहीनं होणार?